एक हजार नव्वद

एसीच्या तांब्याच्या नळीचा उरलेला तुकडा,
सात सेंटीमीटरला जरा कमी.
बिस्किटाच्या डब्याचं झाकण, चार पाय खाली वाकवलेले.
पारकरचाचांनी डाग दिला, फुंकर मारली, म्हणाले,
"कोळंबीच्या मिशा बघ केवढ्या,
तरी तिला अख्खी खाडी कळते."

मुहर्रकला आमच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या,
त्यांच्या मधोमध ही मिशी.
खाली खोलीत सजीवनचा लॅपटॉप, बिजागरी गेलेला,
तांदळाच्या पिशवीला टेकवून उभा.
सगळे झोपले की मी आकाश उघडतो.

कोचीचं, ढाक्याचं, मनिलाचं
नाव, उंची, वेग छातीवर लावून निघतात,
पहिलीतल्या पोरांसारखी.
ती मला नकोत.
मला हवी ती, जी विचारल्याशिवाय बोलत नाहीत.
रडारनं हटकलं तर उंची सांगतात,
सहा अक्षरांचा एक आकडा सांगतात,
जागा सांगत नाहीत.

मीही घरी तसाच बोलतो.
पगार झाला. जेवण झालं.
कुठल्या छतावर, किती उन्हात,
ते नाही.

एक मात्र जागा लपवायचं नाही.
पोटात इंधन घेऊन समुद्रावर लांबट गोल फिरायचं,
तासन् तास, सव्वीस हजार फुटांवर, त्याच वाटेनं.
दुसरी येऊन त्याला लुचत असतील,
ती दिसायची नाहीत.
चाचांनी त्याचं नाव ठेवलं बैल.
"घाण्याचा रे. तेलही तेच, फेराही तोच,
डोळ्यांवर झापड कुणाच्या, ते विचारू नको."

शंभर पानी वहीत मी लिहायचो:
वार, वेळ, आकडा, आला, गेला.
वाण्याच्या उधारीसारखं, वसूल कधीच न होणारं.
चाचा म्हणायचे, लिही, पण दाखवू नकोस.
इथं आकाशालाही कफील असतो.

एकतीस वर्षांनी चाचा हर्णैला परतले,
चाळीस किलो सामान आणि एक डाग द्यायची बंदूक.
त्यांचं विमान मी पडद्यावर धरून ठेवलं
तीनशे किलोमीटर.
मग आकडे गोठले,
मिनिटभर तिथंच थांबले,
पुसले गेले.

ती रात्र मंगळवारची.
साडेबाराला दोह्याकडे जाणारं एक अचानक वळलं.
मग ढाक्याचं.
मग एकामागून एक,
दार लावल्यावर उंबऱ्यावरून फिरतात तशी माणसं.
दीडला पडदा रिकामा.
फक्त बैल, त्याच्या फेऱ्यात.
दोन वाजून दहा मिनिटांनी त्यानंही उंची सांगणं सोडलं.

नकाशावर उरला एकच ठिपका, मधोमध,
निळा, न हलणारा.
तो मी होतो.
इतके महिने तिथंच होता.
मला कधी दिसला नव्हता.

गच्चीत गेलो. हवा ओल्या फडक्यासारखी.
टाकीला हात लावला तर
आतलं पाणी थरथरत होतं.
वर काही दिसत नव्हतं,
आणि त्या काही नसण्याला आवाज होता,
उत्तरेकडून येणारा, संपतच नसलेला.

फोन वाजला. मंदा.
"टीव्हीवर काय काय दाखवतायत. तिकडं कसला आवाज येतोय?"
"कंप्रेसर," मी म्हटलं.
"जुना झालाय. उद्या उघडून बघतो."

उजाडायच्या आत केबल काढली.
वही बादलीत भिजवली,
शाई सुटली, लगदा झाला,
कचऱ्यात टाकताना पोळीच्या कणकेसारखा लागला हाताला.
मिशी तेवढी राहिली.
कुणीतरी तिच्यावर मोजा वाळत घातलाय.
केबल काढल्यानं तिचं ऐकणं थांबलं असेल
असं मला वाटत नाही;
तांब्याला ते जमत नाही.

काल हर्णैहून चाचांचा फोन.
मागे समुद्र, आणि मासळीचा लिलाव.
"काय रे, बैल आला का कामावर?"
"बघितलं नाही," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
नुसता ऐकला होता.